क्रीडासंचालकाची निवड आणि खेळाडूंची मजुरी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघाचे प्रमुख प्रशिक्षक जेरेमी प्रुइट यांना बडतर्फ केले. त्यांच्याबरोबर दोन साहाय्यक प्रशिक्षक आणि आणखी सात कर्मचारी यांनाही घरी पाठविण्यात आले. भावी खेळाडूंना व त्यांच्या कुटुंबियांना चोरून पैसे व सवलती दिल्याचा हा ठपका होता. क्रीडासंचालक फिलिप फुल्मर यांच्यावर स्वतः नियमभंग केल्याचा आरोप नव्हता. तथापि त्याच दिवशी त्यांचीही निवृत्ती जाहीर झाली. नंतर अवघ्या तीन दिवसांत नव्या क्रीडासंचालकांचे नाव पुढे आले. ते होते डॅनी व्हाइट. वेतन वर्षाला १८ लाख डॉलर, मुदत पाच वर्षे. चौकशी अद्याप पुरी व्हावयाची होती. शिक्षा काय होणार हे कोणासच ठाऊक नव्हते.

क्रीडापृष्ठावर बातमी येथे संपते. जुना कारभार बिघडला, नवा माणूस आला, आता घर स्वच्छ होईल, एवढाच तिचा आशय. श्रमिकांच्या चळवळीत वावरणाऱ्या माणसाला मात्र ही बातमी येथून पुढे सुरू होते. नियमांची चौकशी चालू असताना अशा पदासाठी उमेदवार पारखावयाचा तो कोणत्या कसोटीवर? ती कसोटी कोणी ठरविली? आणि ज्या नियमाचा भंग झाला तो नियम कोणाच्या हितासाठी होता?

अमेरिकन विद्यापीठांतील क्रीडासंचालक म्हणजे मैदानाची देखरेख करणारा एखादा शिक्षक नव्हे. टेनेसी हे राज्याचे, म्हणजे सार्वजनिक विद्यापीठ. त्याच्या नॉक्सव्हिल येथील स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. त्याच्या क्रीडाविभागाचे वार्षिक उत्पन्न २०२३ च्या सुमारास २० कोटी डॉलरच्या आसपास गेले होते. तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क, धनिकांच्या देणग्या, बूट-कपड्यांच्या कंपन्यांचे करार या साऱ्या व्यवहाराचा कारभारी म्हणजे क्रीडासंचालक. आणि हा सारा डोलारा ज्याच्यावर उभा आहे तो अमेरिकन फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू लाथाडण्याचा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू काखेत मारून अंगाशी अंग भिडविण्याचा, गुडघे, मणका आणि मेंदू पणास लावणारा तो खेळ आहे. खेळणारी मुले अठरा ते बावीस-तेवीस वर्षांची. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत निम्म्याच्या आसपास मुले कृष्णवर्णीय, त्यांतील कित्येक गरीब घरांतील.

व्हाइट यांची पारख कशी झाली ते पाहू जाता असे दिसते की रूढ हिशेबाने त्यांच्यासारखा उमेदवार मिळणे कठीण होते. मिसिसिपी विद्यापीठात त्यांनी देणग्या गोळा करण्याचे काम केले होते. बफेलो विद्यापीठात २०१२ पासून आणि सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठात २०१५ च्या अखेरीपासून ते क्रीडासंचालक होते. त्या वेळी वडील ड्यूक विद्यापीठाचे क्रीडासंचालक होते, एक भाऊ फ्लोरिडा विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते, दुसरे फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचे क्रीडासंचालक होते. घराणी केवळ राजकारणातच असतात असा समज असणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी. सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाने २०१७ च्या हंगामात १३ पैकी १३ सामने जिंकले. तरीही राष्ट्रीय विजेतेपदाच्या अंतिम चार संघांत त्यास स्थान मिळाले नाही. तेव्हा व्हाइट यांनी आपला संघच राष्ट्रीय विजेता असल्याचे स्वतः जाहीर केले, मिरवणूक काढली आणि प्रशिक्षकांना विजेतेपदाचा बोनसही देवविला. कल्पकता, धडाडी, पैसा उभा करण्याची हातोटी आणि अंगावर डाग नाही, असे त्यांच्याविषयी बोलले गेले. यांतले काही खोटे नव्हते.

पण त्याच २०१७ साली, त्याच विद्यापीठात, त्याच संघात आणखी एक गोष्ट घडली होती. तिची आठवण टेनेसीच्या निवडीच्या वेळी फारशी कोणी काढली नाही. संघातील एक किकर, म्हणजे चेंडूला लाथ मारून तो पल्ल्यापार पोहोचविणारा खेळाडू, मार्केटिंगचा विद्यार्थी होता. तो यूट्यूबवर आपल्या दिनक्रमाच्या चित्रफिती टाकी आणि जाहिरातींतून त्याला चार पैसे मिळत. घरी त्यातून हातभार लागतो असे तो सांगे. कॉलेज खेळांचे नियमन करणाऱ्या नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या संघटनेच्या नियमानुसार, आपण खेळाडू आहोत या गोष्टीचा उपयोग करून पैसे मिळविणे हा अपराध होता. खेळाचा विषय वगळून चित्रफिती कराव्यात अशी अट घालून संघटनेने सवलत देऊ केली. त्याने ती नाकारली. त्याची पात्रता गेली, शिष्यवृत्ती गेली. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन त्याला शिक्षण पुरे करण्याची मुभा मिळाली. खेळ मात्र संपला.

ज्या हंगामापूर्वी या मुलाने स्वतःच्या श्रमाचे पैसे घेतले म्हणून त्याला संघाबाहेर जावे लागले, त्याच हंगामाच्या अखेरीस प्रशिक्षकांना विद्यापीठानेच ठरविलेल्या विजेतेपदाचा बोनस मिळाला. व्हाइट यांनी येथे कोणताही नियम मोडला नाही, उलट नियम पाळला. उमेदवार 'स्वच्छ' आहे असे जेव्हा म्हटले जाते तेव्हा त्या स्वच्छतेत काय काय सामावलेले असते, हे या एका प्रसंगावरून कळून येते.

हा नियम आला कोठून? त्याचा इतिहास श्रमिकांच्या इतिहासात मोडतो, खेळाच्या नव्हे. १९५५ साली कोलोरॅडोतील फोर्ट लुइस या छोट्या कॉलेजचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. तिचे म्हणणे साधे होते : नवरा कॉलेजसाठी खेळत होता, त्यासाठी त्याला कॉलेजकडून लाभ मिळत होते, म्हणजे तो कॉलेजचा कामगार होता. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला; कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे न्यायालयाला वाटले. याच काळात उपरोक्त संघटनेचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स व त्यांचे सहकारी यांनी एक शब्द प्रचारात आणला : 'विद्यार्थी-खेळाडू'. खेळाडूला कोणी कामगार म्हणू नये एवढ्याचसाठी तो घडविलेला होता, आणि संघटनेच्या प्रत्येक कागदात तो सक्तीने घातला गेला. बायर्स १९५१ पासून १९८७ पर्यंत त्या पदावर होते. निवृत्तीनंतर, १९९५ मध्ये, त्यांनी पुस्तक लिहून या व्यवस्थेतील पिळवणूक मान्य केली. सत्तेवर असताना जे दिसत नाही ते खुर्ची सुटल्यावर दिसू लागते, हा अनुभव केवळ अमेरिकेतील नाही.

१९७३ पासून शिष्यवृत्ती एकेका वर्षाची झाली. दर वर्षी तिचे नूतनीकरण प्रशिक्षकाच्या मर्जीवर. चार वर्षांचे शिक्षण ज्याला हवे त्याने वर्षभर मान खाली घालून राबावे, अशी ती तजवीज होती. बहुवार्षिक शिष्यवृत्तीला पुन्हा परवानगी मिळावयास २०१२ साल उजाडावे लागले.

या पार्श्वभूमीवर टेनेसीचे प्रकरण पुन्हा पाहावे. नोव्हेंबर २०२० मध्ये विद्यापीठाच्या प्रमुख, म्हणजे तेथील पदनामानुसार चॅन्सेलर, डॉन्डी प्लाउमन यांच्या कार्यालयाला गैरव्यवहाराची कुणकुण लागली. त्यांनी बाहेरील वकिलांकडून चौकशी सुरू केली. प्रुइट यांच्या संघाने त्या हंगामात तीन सामने जिंकले होते आणि सात गमावले होते. दोनच महिन्यांपूर्वी, सप्टेंबरमध्ये, त्यांचा करार वाढवून वेतन ४२ लाख डॉलर करण्याचे ठरले होते. नुसत्या पराभवांसाठी काढावयाचे तर विद्यापीठाला त्यांना सुमारे १ कोटी २६ लाख डॉलर मोजावे लागले असते. नियमभंगासाठी काढले तर काहीच नाही. चौकशी बनावट होती असा याचा अर्थ नव्हे. नियमभंग खरोखरच झालेला होता आणि तो पुढे सिद्धही झाला. परंतु संघ जिंकत असता तर ही तत्परता दिसली असती काय, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारावा.

निकाल १४ जुलै २०२३ रोजी लागला. सर्वोच्च श्रेणीचे १८ नियमभंग, सुट्या घटना २०० हून अधिक. सारी रक्कम मिळून सुमारे ६०,००० डॉलर. प्रुइट यांच्या वाढीव वेतनाच्या हिशेबाने पाहिले तर हा पाच-सव्वापाच दिवसांचा पगार झाला. तो कशावर खर्च झाला? हॉटेलातील मुक्काम, जेवण, घरभाडे, मोटारीची रक्कम, एका आईचे दवाखान्याचे थकलेले बिल. 'भ्रष्टाचार' या शब्दाने जे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते त्यात दवाखान्याचे बिल क्वचितच असते.

येथे एका भाबड्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. नियम अन्यायाचा होता म्हणून तो मोडणारा प्रशिक्षक गरिबांचा कैवारी ठरत नाही. प्रशिक्षकाने हातावर ठेवलेले पाकीट ही मजुरी नव्हे, ती मेहेरबानी आहे. मजुरीवर हक्क सांगता येतो. पाकिटावर येत नाही. ते घेणारी आई देणाऱ्याची मिंधी होते, तिचा मुलगा त्याहून अधिक, आणि प्रकरण उघडकीस आले की मुलाचीच पात्रता जाते. शिवाय सगळे नियम एका मापाने मोजता येत नाहीत. महामारीमुळे मार्च २०२० पासून भावी खेळाडूंना विद्यापीठात बोलाविण्यास बंदी होती. टेनेसीत त्या बंदीच्या काळातही मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना नॉक्सव्हिलला आणून त्यांची सरबराई करण्यात आली. हा नियम माणसांच्या जीविताचा होता. तो मोडण्यात कसलेही बंड नव्हते, स्पर्धेची हाव होती.

आणि शिक्षा कोणाला झाली? प्रुइट यांना सहा वर्षे कॉलेज खेळांत काम करणे जवळजवळ अशक्य करणारा आदेश निघाला. विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून अधिक दंड आणि पाच वर्षांची परिवीक्षा. जिंकलेले ११ सामने नोंदीतून पुसले गेले. चौकशीत आदर्श सहकार्य केल्याबद्दल विद्यापीठाची प्रशंसाही झाली आणि हंगामोत्तर सामन्यांवरील बंदी टळली. हंगामोत्तर सामन्यांत पैसा असतो. याखेरीज २८ शिष्यवृत्त्या कमी करण्यात आल्या. त्यांतील काही विद्यापीठाने आधीच स्वतःहून कमी केल्या होत्या. म्हणजे २८ जागा अशा मुलांच्या गेल्या की ज्यांनी काहीही केलेले नव्हते, ज्यांपैकी बहुतेक तेव्हा शाळेत शिकत होते. दंडाची रक्कम तिकिटांतून भरून निघते. शिष्यवृत्ती न मिळालेल्या मुलाचे साल भरून निघत नाही. नव्या संचालकांकडून अपेक्षा होती ती विद्यापीठाचे नुकसान आटोक्यात ठेवण्याची. ती त्यांनी पुरी केली. त्यांनी सेंट्रल फ्लोरिडाहूनच आणलेले प्रशिक्षक जॉश ह्यूपेल यांच्या संघाने २०२२ च्या हंगामात ११ सामने जिंकले, आणि २०२४ मध्ये बेसबॉलचे राष्ट्रीय विजेतेपदही विद्यापीठाकडे आले. रूढ कसोटीला उमेदवार पुरेपूर उतरला.

मधल्या काळात ती कसोटीच पायाखालून सरकू लागली होती. २१ जून २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात नऊ विरुद्ध शून्य अशा एकमताने, शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेल्या मर्यादा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणाऱ्या ठरविल्या. दहाच दिवसांनी, १ जुलैपासून, खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरू देण्याबद्दल बाहेरच्यांकडून पैसे घेण्याची मोकळीक मिळाली. यूट्यूबवाल्या त्या किकरने चार वर्षांपूर्वी जे केले ते आता रीतसर झाले. त्याची वर्षे कोणी परत दिली नाहीत.

जानेवारी २०२४ मध्ये टेनेसीवर दुसरी चौकशी आल्याचे उघड झाले. या खेपेस आरोप होते ते देणगीदारांच्या बाहेरील मंडळामार्फत खेळाडूंशी झालेल्या करारांविषयी. आणि आश्चर्य असे की २०२१ मध्ये ज्या विद्यापीठाने सहकार्याचा आदर्श घातला, त्याच विद्यापीठाने, त्याच चॅन्सेलरांच्या आणि तीन वर्षे मुरलेल्या त्याच क्रीडासंचालकांच्या नेतृत्वाखाली, आता रणशिंग फुंकले. प्लाउमन यांनी संघटनेच्या अध्यक्षांना खरमरीत पत्र लिहिले. व्हाइट यांनी जाहीर निवेदन काढून संघटनेवर तोफ डागली. टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांच्या महाधिवक्त्यांनी ३१ जानेवारीस दावा दाखल केला, आणि २३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने संघटनेला तो नियम राबविण्यास मनाई केली.

२०२१ मध्ये शिरोधार्य असलेला नियम २०२४ मध्ये जुलमी कसा झाला? मधल्या काळात खेळाडूंविषयी नवा साक्षात्कार झाला असे मानावयास आधार नाही. पहिल्या खेपेस नियम मोडणारा प्रशिक्षक हरत होता आणि नियमाच्या आधारे त्याला फुकटात काढता येत होते. दुसऱ्या खेपेस नियमाच्या कात्रीत सापडला होता तो विद्यापीठाचा भावी प्रमुख खेळाडू आणि त्याच्याभोवती उभारलेला सारा हंगाम. हितसंबंध बदलले, तशी नियमनिष्ठा बदलली. यात व्हाइट यांना व्यक्तिशः दोष देण्यात फारसे हशील नाही. त्यांच्या जागी दुसरा कोणीही असता तरी, ज्यांनी नेमले त्यांच्याशीच तो बांधलेला राहिला असता. त्यांना नेमताना फुटबॉल संघातील मुलांचे मत ज्याच्यामार्फत मोजता येईल असा निवडून आलेला एकही प्रतिनिधी नव्हता. असावयास मुलांची संघटनाच नव्हती.

ती होऊ नये याची काळजी वेळोवेळी घेतली गेली आहे. मार्च २०१४ मध्ये राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाच्या प्रादेशिक संचालकांनी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे शिष्यवृत्तीधारक फुटबॉलपटू हे कामगार आहेत असा निर्णय दिला. एप्रिलमध्ये मुलांनी मतदानही केले. मतपेटी मोहोरबंद झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये मंडळाने या प्रकरणी अधिकारक्षेत्र वापरण्याचेच नाकारले आणि ती मते कधीही मोजली गेली नाहीत. ते निदान खासगी विद्यापीठ होते. टेनेसीसारख्या राज्याच्या विद्यापीठाला तर त्या मंडळाचा कायदा लागूच होत नाही. मार्च २०२४ मध्ये डार्टमाउथच्या बास्केटबॉलपटूंनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला. वर्ष संपताना, मंडळातील राजकीय वारे फिरण्याच्या धास्तीने, त्यांना अर्ज मागे घ्यावा लागला.

६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या हाउस खटल्यातील तडजोडीनुसार विद्यापीठांना १ जुलैपासून आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर दहा वर्षांत मिळावयाचे. रक्कम मोठी दिसते. पण कमाल मर्यादा ठरली ती खेळाडूंच्या युनियनशी वाटाघाटी करून नव्हे. आणि खेळाडू हा कामगार आहे की नाही, या प्रश्नाला तडजोडीने हात लावला नाही. टेनेसीने तर सप्टेंबर २०२४ मध्येच पुढील हंगामाच्या फुटबॉल तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' लावण्याचे जाहीर केले होते. खेळाडूंना द्यावयाचा पैसा प्रेक्षकाच्या खिशातून. प्रशिक्षकांच्या आणि संचालकांच्या वेतनासाठी असा वेगळा आकार कधी तिकिटावर छापला गेला नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये त्या प्रमुख खेळाडूने मोबदल्याच्या वादातून एका सरावाला दांडी मारली. ह्यूपेल यांनी दुसऱ्याच दिवशी त्याच्याविना पुढे जाण्याचे जाहीर केले. एकट्याने केलेल्या संपाचे जे होते तेच त्याचे झाले.

यानंतरची घटना गमतीची आहे. कॉलेज खेळांतील गोंधळावर खेळाडूंशी सामुदायिक वाटाघाटी हाच उपाय आहे असे जाहीरपणे मांडणारे जे थोडे क्रीडासंचालक निघाले, त्यांत डॅनी व्हाइट अग्रभागी होते. त्यांचे कारण त्यांनी लपविलेले नाही : युनियनशी झालेल्या कराराला मक्तेदारीविरोधी कायद्याची बाधा येत नाही. खुल्या बाजारात मोबदला वाढत जातो, खेळाडू वर्षाला एक विद्यापीठ बदलतो. करार झाला की मोबदल्याची मर्यादा आणि बदलीवरील निर्बंध दोन्ही न्यायालयात टिकतात. व्यवस्थापनाला युनियन हवी आहे ती श्रमाचा भाव बांधून घेण्यासाठी.

म्हणून ती नाकारावी काय? मुळीच नाही. मालकाला वाटाघाटीची गरज भासते तो क्षण कामगाराच्या बळाचा असतो, आणि कागदावर मोबदल्याच्या मर्यादेबरोबरच जखमांवरील आजन्म उपचार, शिष्यवृत्तीची हमी, मृत्यूनंतरची भरपाई हीही कलमे घालता येतात. फोर्ट लुइसच्या त्या विधवेने मागितले होते ते यांतील शेवटचे कलम. पुढच्या वेळी एखाद्या विद्यापीठात चौकशी चालू असताना क्रीडासंचालकाची जागा रिकामी होईल तेव्हा उमेदवाराला विचारावयाचा प्रश्न हा आहे की या कलमांवर तो आधी सही करील काय. टेनेसी राज्याने २०२२ मध्ये जनमताने घटनादुरुस्ती करून, कोणालाही युनियनचे सभासदत्व वा वर्गणी सक्तीची करता येणार नाही, अशी तरतूद आपल्या घटनेतच घातली. व्हाइट यांचे पद त्याच राज्याच्या विद्यापीठात होते.